फर्मला भाऊ नसतो

सहा मोसंब्यांची पावती लिहून देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमचा घरमालक होता.

अंबडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि घरामागे पत्र्याची शेड. ती शेड आम्ही पाच बायकांनी पापड करायला भाड्याने घेतली होती. पहिल्याच महिन्यात माझ्या दारच्या झाडाच्या मोसंब्या मी त्यांना नेऊन दिल्या. त्यांनी हात पुढे केला नाही. चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काय म्हणून?"

"खा म्हणून," मी म्हणाले.

"खायचं मला कळतं, बाई. दिल्या काय म्हणून? भाडं उशिरा देणार हायेत का?"

"न्हाई."

"शेडच्या पत्र्याला भोक पडलंय, ते बुजवून पाहिजे का?"

"ते तर पाहिजेच. पण त्याचा आन् मोसंब्यांचा काही संबंध न्हाई."

"मंग?"

मला राग आला. "झाडाला आल्या म्हणून," मी म्हणाले.

हे त्यांना पटलं. त्यांनी कागदाचा चिटोरा घेतला, 'झाडाला आल्या म्हणून, मोसंब्या सहा' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली, चिटोरा माझ्या हातात दिला आणि मग मोसंब्या घेतल्या. बसा म्हणाले नाहीत. बाहेर येऊन मी चिटोरा फाडून टाकला.

सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेब ते कुठल्याच कचेरीत नव्हते. पन्नास वर्षं त्यांनी व्यापाऱ्यांचे कराचे कागद लिहून दिले. आडतवाले, बियाणंवाले, किराणावाले, सगळे त्यांच्या ओट्यावर चपला काढून बसायचे म्हणतात. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. लोक बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊ लागले. साहेबांकडे फायलींचं लोखंडी कपाट राहिलं आणि तो एक प्रश्न राहिला. गावात त्यांचं नावच 'काय म्हणून' पडलं होतं.

गल्लीतली माणसं वर्गणी मागायला आली की साहेब विचारायचे, "दान मागून राह्यले का वर्गणी? दान दिलं तर मी विसरून जाईन. वर्गणी दिली तर हिशेब मागायला येईन." प्रत्येक वर्षी माणसं दानच म्हणायची, आणि साहेब शंभर रुपये देऊन खरोखर विसरायचे.

त्यांच्या दारात एक लाल कुत्रं होतं. त्याला ते रोज सकाळी एक भाकरी घालत. मी एकदा म्हणाले, पुण्य लागंल. तर म्हणाले, "पुण्य कशाचं? तो त्याचा पगार हाय. भुंकायचा." आणि एकदा ओट्यावरची सायकल चोरीला गेली, कुत्रं भुंकलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला अर्धीच भाकरी मिळाली. अर्धी त्याच्यासमोर फडक्यात बांधून ठेवली. कुत्र्याला काय कळलं देव जाणे. पण साहेबांना समाधान वाटलं.

साहेब जाऊन आता वर्ष झालं. वयानं गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेड अजून आमच्याकडेच आहे. भाडं त्यांची मुलगी घेते आणि ती काहीही विचारत नाही.

शेड मिळायच्या आधी आम्ही तीन ठिकाणी जागा पाहिली होती. तिन्ही ठिकाणी जागा आधी रिकामी होती आणि आमची आडनावं कळल्यावर ती कुणाच्या तरी भाच्याला दिलेली निघाली. बौद्ध बायकांनी लाटलेले पापड लोक दुकानातून घेऊन खातात, पण ते आपल्या घरामागे लाटलेले चालत नाहीत. म्हणून साहेबांच्या दारात शिरतानाच मी मोठ्याने जयभीम घातला. म्हटलं, काय ते एकदाच होऊन जाऊ दे. ते म्हणाले, "जयभीम. डिपॉझिट काय म्हणून देणार? शेवटी परत न्यायचं, का भाड्यात वळतं करायचं?" एवढंच. मला माणूस आवडला असं मी म्हणणार नाही. पण जागा मिळाली.

साहेबांच्या घराच्या मधोमध एक भिंत होती. घर साधं, स्लॅबचं, चार खोल्यांचं. भिंत स्वयंपाकघरातून निघून ओट्यापर्यंत आलेली, ओट्याचेही दोन तुकडे केलेले. पलीकडच्या दोन खोल्यांत त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. साहेबांनी हे कधी सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितलं. घर बांधताना धाकट्याने अठरा हजार रुपये आणून दिले होते. थोरल्याने घेतले. काय म्हणून, ते दोघांतल्या एकानेही उच्चारलं नाही. थोरल्याला वाटलं, भावाने भावाला दिले. धाकट्याला वाटलं, घरात आपलीही भर पडली. पुढे त्याचं लग्न झालं, त्याने अर्धं घर मागितलं, आणि दोघं भाऊ घरापुढच्याच कोर्टात नऊ वर्षं जाऊन आले. शेवटी भिंत. त्याला बावीस वर्षं झाली होती. धाकटा खोकला की शेडमध्ये आम्हालाही ऐकू यायचं. साहेबांना आलंच असेल. ते मान वर करत नसत.

आता पैशांचं सांगते.

आम्ही पापड अंगणात वाळवायचो. रस्त्याची धूळ बसायची आणि निम्मा माल पिवळा पडायचा. लाटायचं मशीन आणि वाळवायचं कपाट घ्यायचं ठरवलं, तर बँकेला जामीनदार पाहिजे. माझी सून बीए झालेली आहे. ती म्हणाली, "आत्या, मोबाईलवर लोकांकडून पैसे जमा करता येतात." मला वाटलं, फसवाफसवी असणार. तिने आमच्या पाच जणींचा फोटो काढून एका साइटवर टाकला. वर लिहिलं, 'या बायकांच्या उद्योगाला हातभार लावा.' खाली लिहिलं, पाचशे रुपये देणाऱ्याला एक किलो पापड घरपोच, तीन हजार देणाऱ्याला सहा महिने दर महिन्याला एक किलो. फर्म तिने आधीच काढून ठेवली होती. आम्ही पाच भागीदार, फर्मच्या नावाचं पॅन कार्ड, फर्मच्या नावाचं खातं.

दोन महिन्यांत एकशे त्रेचाळीस लोकांनी तीन लाख वीस हजार रुपये पाठवले. त्यातल्या एकशे तीस जणांना मी आजही ओळखत नाही. मशीन आलं. कपाट आलं. गयाबाई, आमची दुसरी भागीदार, पहिल्या दिवशी मशीनला हळदकुंकू लावू का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आधी पीठ लाव.

चूक आम्ही केली ती इथे. एवढे पैसे आले, ते कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजेत. आमच्या घरात बाहेरून आलेला पैसा लिहायची एकच रीत माहीत. लग्नातली आहेराची वही. मी कोरी वही आणली, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने एकेक नाव घातलं आणि प्रत्येकासमोर लिहिलं, 'आहेर, रुपये पाचशे.' 'आहेर, रुपये तीन हजार.' पापडांची पार्सलं पाठवली, त्यात चिठ्ठी टाकली, 'आमच्याकडून वानोळा.' गावाहून येताना शेतातलं काही आणतात, तसा वानोळा. ज्यांनी अडीअडचणीला पैसे दिले त्यांना 'तुम्हाला पापड विकले' असं कसं लिहायचं? बरं दिसत नाही. पाचही जणींचं यावर एकमत होतं.

बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याने फर्मचं आयकराचं विवरण भरलं. त्यात दुकानांना विकलेले पापड दाखवले आणि हे पैसे दाखवलेच नाहीत. म्हणाला, मदतीचे पैसे कुठं दाखवायचे असतात का?

पुढच्या वर्षी आयकर खात्याचं पत्र आलं. सुनेने वाचून दाखवलं. तुमच्या खात्यात तीन लाख वीस हजार आलेले दिसतात. ते कुणी दिले, कशाबद्दल दिले, आणि विवरणात का नाहीत? पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवा.

मी वही आणि पत्र घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. खरा आनंद. मला त्यांना दोन शब्द सुनवावेसे वाटले.

"बघा," ते म्हणाले, "सरकार काय विचारून राह्यलंय? काय म्हणून! पन्नास वर्षं मी हेच विचारतोय तर लोक मला येडा म्हणतात."

"ते राहू द्या. कर किती बसंल ते सांगा."

"ते पैसे काय म्हणून आले त्यावर हाय. उसने आले असतील तर कर न्हाई, परत करायचेत. पापडाचे आगाऊ आले असतील तर पापड गेले त्या दिवशी ती विक्री झाली. विक्रीतून खर्च वजा, उरंल त्या नफ्यावर कर."

"आन् जीएसटी?"

"पापडावर न्हाई. चिवडा विकला असता तर रडल्या असत्या."

"आन् फुकट आले असतील तर?"

"बदल्यात काही न देता आले असतील, तर वर्षाला पन्नास हजारापर्यंत माफ. एक रुपया जरी वर गेला, तर वरचा रुपया न्हाई, पहिल्यापासून सगळेच्या सगळे उत्पन्नात धरतात. आन् तुमची फर्म हाय. माणसाला सूट असते. फर्मला पहिल्या रुपयापासून शेकडा तीस, वर त्या करावर शेकडा चार सेस."

"सगळेच फुकट धरले तर?"

त्यांनी कागदावर आकडा मांडला. लाखाला एकशे साठ रुपये कमी. मशीन विकलं असतं तरी तेवढे आले नसते.

मग त्यांनी माझी वही उघडली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, वही मिटली आणि कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही हे काय केलं? एकशे त्रेचाळीस वेळा आहेर, आहेर, आहेर! लाख रुपये कर स्वतःच्या हातानं लिहून दिला की!"

"मंग काय लिहायचं होतं?"

"जे झालं ते. लोकांनी पापडाचे पैसे दिले, तुम्ही पापड दिले. त्याला आहेर म्हणतात का?"

"विकले म्हणायला लाज वाटली."

"लाजेचे लाख रुपये," साहेब म्हणाले.

त्यांनी खात्याकडून मुदत वाढवून घेतली. मग सुनेला साइटवरचं पान छापून आणायला लावलं, ज्यावर पाचशेला एक किलो असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कुरिअरच्या पावत्या मागितल्या. त्या पिठाच्या पोत्यात सापडल्या, निम्म्या चिकटलेल्या. त्या त्यांनी एकेक करून सोडवल्या आणि उन्हात वाळवल्या, आम्ही पापड वाळवतो तशा. आणि तिसरं, त्यांनी दीडशे पोस्टकार्डं छापून घेतली. त्यावर आमच्या शेडचा पत्ता आणि मागे मजकूर: 'आपण आमच्या पापड उद्योगाला रुपये अमुक पाठवले. ते काय म्हणून? एक, पापडाच्या बदल्यात. दोन, असेच दिले, बदल्यात काही नको. तीन, उसने, परत करावेत. एकावर खूण करून सही करावी.'

सून बिचकली. "साहेब, एवढ्या प्रेमानं दिलं लोकांनी, त्यांना असं विचारायचं? मोबाईलवर तरी विचारू का गोडीत?"

"सही पाहिजे. आन् देताना ते लाजले का? मंग सांगताना कशाला लाजतील?"

कार्डं पाकिटांत घालून गेली. मला वाटलं होतं दहावीस परत येतील. सगळी परत आली, एकशे त्रेचाळीस. लोकांना विचारलेलं आवडतं की काय कोण जाणे. एकाने पहिल्या ओळीवर खूण करून लिहिलं, 'पापड फार तिखट.' एका बाईने दोनवर खूण केली आणि खाली लिहिलं, 'पापड मिळाले, मुलांना आवडले.' साहेब म्हणाले, "मनात काहीही असू द्या, पापड गेले ना? हिला एकमध्ये टाका." बदनापूरच्या एका रिटायर गुरुजींनी पंचवीस हजार दिले होते, त्यांनी तीनवर खूण करून 'सवडीने' असं लिहिलं होतं. मला ते पैसे उसने आहेत हे तेव्हाच कळलं. कार्ड गेलं नसतं तर गुरुजी वाट बघत बसले असते आणि मी त्यांचं नाव आहेरात ठेवून मोकळी झाले असते.

साहेबांनी तीन गठ्ठे केले. पापडाचे एकशे एकोणीस लोक. उसने देणारे एक गुरुजी. आणि असेच देणारे, ज्यांना पापड गेलेच नाहीत, असे तेवीस. त्या तेवीस जणांची बेरीज त्यांनी केली, पुन्हा केली, मग मला करायला लावली. त्रेपन्न हजार.

"तीन हजारानं गेलं," साहेब म्हणाले. "पन्नासच्या आत असतं तर सगळे माफ. आता त्रेपन्नच्या त्रेपन्न धरणार. साडेसोळा हजार कर."

मी गठ्ठा चाळला. त्यात माझ्या भावाचं कार्ड होतं. तो मंठ्याला असतो, शेती करतो. त्याने दहा हजार दिले होते आणि मीच त्याला म्हटलं होतं, तुला कशाला पापड पाठवायचे, तू येशील तेव्हा खाशील.

"हे काढा ह्यातून," मी म्हणाले. "हा माझा सख्खा भाऊ हाय. भावानं बहिणीला दिलेल्या पैशाला कर नसतो, एवढं मलाही माहीत हाय."

"बराबर. तुम्हाला दिले असते तर नसता. त्यांनी फर्मच्या खात्यात टाकले."

"फर्म कुणाची हाय? माझीच ना?"

"पाच जणींची हाय. आन् फर्मला भाऊ नसतो, बाई. भाऊ माणसाला असतो."

"मंग असं लिहा, त्यानं मला दिले आन् मी फर्मला घातले."

"तसं झालं का?"

"झालं असतं."

"झालं का?"

"मंग लिहा, पापड पाठवले. आजच पाठवते. दहा किलो पाठवते."

"पाठवा की. बहिणीनं भावाला पापड पाठवायलाच पाहिजेत. पण तो वानोळा झाला, आन् तो या वर्षीचा. त्या वर्षी गेले न्हाईत ते मी गेले म्हणून लिहिणार न्हाई."

त्या वेळी गयाबाईच्या घरात नातवाचं ऑपरेशन झालं होतं. आणखी एकीचा नवरा काम सुटून घरी बसला होता. साडेसोळा हजार आम्हाला साडेसोळा लाखांसारखे होते, आणि एक खूण इकडची तिकडे केली की ते वाचत होते. मी साहेबांना हात जोडले नाहीत. मला ते जमत नाही. मी म्हणाले, "तुमचा भाऊ भिंतीपलीकडं खोकून राह्यलाय आन् तुम्हाला त्याला पाणी विचारता येत न्हाई. म्हणून तुम्हाला दुसऱ्याचा भाऊ बघवत न्हाई."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. कागद सारखे केले. म्हणाले, "भाड्याची तारीख पाच हाय. विसरू नका." मी उठून आले.

उत्तर त्यांनी लिहिलं तसंच गेलं. सुनेने सगळे कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवरून पाठवले. भावाचे दहा हजार फुकटात, त्रेपन्न हजारांत. पुढचे दोन महिने मी साहेबांशी भाड्यापुरतं बोलले.

मग एक दिवस, आम्ही पीठ मळत होतो, मंठ्याहून भावाचा फोन आला.

"ताई, आयकरवाल्यांचं पत्र आल्तं मला."

माझे हात पिठात होते. सुनेने फोन कानाला धरला होता. "तुला कशाला?"

"तुझ्या कारखान्याला पैसे दिले का, काय म्हणून दिले, बदल्यात काही घेतलं का, असं विचारलंय. मी जवाब पाठवून दिला परवाच."

"मला न विचारता?"

"त्यात तुला काय विचारायचं? लिहिलं, बहिणीच्या कारखान्याला असेच दिले. पापड-बिपड काही घेतले न्हाईत. बराबर केलं ना?"

मी पिठाच्या डब्यावर बसले. डबा उघडा होता, लुगडं पांढरं झालं.

खात्याने यादीतून वीस माणसं निवडून त्यांना परस्पर पत्रं घातली होती. हे आम्हाला नंतर कळलं. वीसच्या वीस उत्तरं आमच्या यादीप्रमाणे निघाली. मी सांगितलं होतं तसं साहेबांनी लिहिलं असतं, तर आमच्या यादीत दहा किलो पापड आणि माझ्या भावाच्या सहीत पापड-बिपड नाही. मग बाकीच्या एकशे एकोणीस पापडवाल्यांवर कुणी विश्वास ठेवला असता? तो माझा भाऊ. खोटं बोलायला त्याला आधी शिकवावं लागलं असतं, आणि मी ते विसरले होते.

आदेश आला तेव्हा सुनेने तो तीन वेळा वाचला, दोनदा मनात आणि एकदा मोठ्याने. गुरुजींचे पैसे उसने धरले. पापडाचे पैसे विक्री धरली, नफ्यावर कर. त्रेपन्न हजारांवर पूर्ण कर. व्याज धरून सगळं मिळून एकवीस हजारांच्या आसपास. दंड लावला नाही. एकेकीच्या वाट्याला चार हजार दोनशे आले. गयाबाई म्हणाली, "एवढंच?" आणि हसायला लागली, आणि बराच वेळ तिला थांबता येईना. मी कामाला लागा म्हणून ओरडले. पण त्या दिवशी मीही अर्धा तास काहीच केलं नाही. नुसती मशीनजवळ बसून राहिले. ते आपलंच होतं आणि आता आपलंच राहणार होतं.

संध्याकाळी साहेबांकडे गेले.

"मान्य झालं," मी म्हणाले.

"सुनेनं दाखवलं. माझी फी साडेतीनशे."

मी पैसे दिले. त्यांनी पावती दिली. ही मात्र मी नीट घडी करून ठेवली.

"त्या दिवशी भिंतीचं बोलले," मी म्हणाले, "ते बोलायला नको होतं."

"काय म्हणून बोलल्या होत्या?"

"रागानं."

साहेबांनी चिटोरा ओढला. 'रागाने,' त्यांनी लिहिलं, तारीख घातली, आणि या वेळी चिटोरा मला न देता स्वतःच्या फायलीत लावला. मग खाली बघत म्हणाले, "ती छापलेली कार्डं, त्यातली उरलीत का?"

दीडशेतली सात उरली होती. दुसऱ्या दिवशी एक नेऊन दिलं. त्यांनी एक रुपया टेबलावर ठेवला. मी घेतला. न घेऊन सांगते कुणाला? त्यांनी 'आमच्या पापड उद्योगाला' हे शब्द खोडून वर 'घराच्या बांधकामाला' असं लिहिलं, रकमेच्या जागी 'अठरा हजार' घातले, कार्ड पाकिटात घातलं आणि वर पत्ता लिहिला. पत्ता तोच, स्वतःच्याच घराचा, नाव तेवढं भावाचं. तिसऱ्या गल्लीत पोस्ट होतं, तिथं जाऊन ते टाकून आले.

कार्डावर परतीचा पत्ता आमच्या शेडचा छापलेला, त्यामुळे उत्तर माझ्याच हातात पडलं. आठ दिवस लागले. मी वाचलं, लपवत नाही. दोन आणि तीनला हात लावलेला नव्हता. खूण पहिल्या ओळीवर होती, पापडाच्या बदल्यात. खाली धाकट्याची सही.

मी ते साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"पापडाच्या बदल्यात," त्यांनी वाचलं. मग म्हणाले, "किती किलो ते लिहिलं न्हाई."

सून माझ्यासोबत होती. तिने लगेच सांगितलं, "पाचशेला एक किलो. अठरा हजाराचे छत्तीस किलो."

"पलीकडं दोन म्हातारी माणसं हायेत," मी म्हणाले. "छत्तीस किलो खाऊन मरतील."

"महिन्याला एक देऊ," साहेब म्हणाले. "तीन वर्षं."

त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली. मी एक किलो उडदाचे पापड वजन करून बांधले, पावती फाडली. फुकट दिले असते तर त्यांनी घेतले नसते. साहेबांनी पुडा बगलेत धरला, टोपी घातली आणि निघाले. भिंतीला दार नव्हतं. म्हणून त्यांना आपल्या फाटकातून बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून, चहावाल्यासमोरून पलीकडच्या फाटकात जावं लागलं. चहावाला गाळणं हातात धरून बघत उभा राहिला.

सकाळी दहाला गेलेला माणूस दुपारी तीनला परत आला. पलीकडे काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही, एकदा दोघं खोकलेले तेवढे ऐकू आले. लाल कुत्रं सकाळपासून उपाशी होतं, दारात जीभ काढून बसलं होतं. साहेबांनी आत जाऊन भाकऱ्या आणल्या आणि त्याच्यापुढे दोन टाकल्या. एक पगाराची, त्यांनी त्याला सांगितलं, आणि एक उशीर झाल्याबद्दल.